रंगराव लोहारानं वाहिलेला मंडप

बसा मंडळी, सैल बसा. भिंतीला टेकलेले जरा पुढं सरका. अहो, कीर्तनात पुढं बसल्याचे जास्त पैसे पडत नाहीत! आणि पेटीवाले, सूर धरून ठेवा, मला मध्येच लागेल.

पूर्वरंग झाला. आता आख्यान. पण आख्यानाआधी मला एक विचारायचंय. खरं उत्तर द्या हं, देवासमोर बसलाय!

जे आपल्या हातात येतं, ते सगळं आपलं असतं का?

"नाही!" वा! काय एका सुरात म्हणालात! पाठ करून आलाय जणू. बरं. थोड्या वेळानं आरती होईल. ताट फिरेल. त्यात नोटा असतात, चिल्लर असते. ते ताट तुमच्या हातात येतं. क्षणभर का होईना, सगळं तुमच्याच हातात! घालतं का कुणी खिशात? अहो, हसताय काय! नाही घालत. ज्योतीवरून हात फिरवला, डोळ्यांना लावला, आपला रुपया टाकला, ताट पुढं दिलं. हे कुणी शिकवावं लागलं नाही. एवढंसं पोरसुद्धा ताट पुढं देतं.

मग मला सांगा — ज्या माणसानं उभ्या जन्मात ताटातल्या नाण्याला हात लावला नाही, तोच माणूस वर्षभर दुसऱ्याचा पैसा आपला म्हणून खर्च करतो. त्याला पत्ताही नसतो! आणि खर्च कशात करतो? दारूत नाही, पत्त्यांत नाही — देवाच्या कामात! देवाला वाहतो, वर गळ्यात हार घालून घेतो! असा माणूस पापी म्हणायचा की पुण्यवान?

आता का गप्प? मघाशी तर फार जोरात "नाही" म्हणालात!

म्हणा माझ्याबरोबर —

*हाती आले म्हणुनि का झाले माझे?*
*पुढे द्यायाचे, वाहतो मी ओझे!*

मंडळी, ऐका. कृष्णाकाठी कुरणवाडी नावाचं गाव. गावचा देव भैरोबा. आणि गावात हा रंगराव लोहार. पन्नाशीकडं झुकलेला, काळासावळा, मनगट असं — आमच्या तबलजींच्या डग्ग्याएवढं! वेल्डर माणूस. जवळच्या साखर कारखान्यात नोकरीला. कायमची नोकरी, आयटीआय करून लागला ती.

आता उसाचा रस कसा निघतो? दोन-तीन मोठे लोखंडी रोलर असतात. त्यांना दात असतात. ऊस त्या दातांत सापडतो, चिरडतो, रस खाली. पण हंगामभर ऊस खाऊन खाऊन ते दात गुळगुळीत होतात. माझ्या दातांसारखे! मग ऊस घसरतो. म्हणून रोलरच्या दातांवर वेल्डिंगचे बारीक ठिपके भरायचे, खरखरीत करायचे. हे रंगरावाचं काम. अख्ख्या पट्ट्यात लोक म्हणायचे, रंगरावानं भरलेला रोलर ऊस सोडत नाही!

माणूस कसा? सरळ. इतका सरळ, की कारखान्यातल्या कामगारांची भिशी त्याच्याकडं. दर महिन्याला प्रत्येकजण ठरलेले पैसे देणार, चिठ्ठी निघेल त्याला सगळी रक्कम. तोवर पैसे कुणी सांभाळायचे? रंगरावानं! घरात पैशांची चणचण असायची, दूधवाला दारात उभा असायचा, आणि शर्टाच्या आतल्या खिशात भिशीच्या नोटांची पुरचुंडी असायची. दूधवाल्याला सांगायचा, "उद्या ये बाबा." पुरचुंडीला हात नाही! नाही म्हणजे नाही.

आणि पगार? पगार व्हायचा कसा ते ऐका, कारण सगळी गोम तिथंच आहे. नोकरदार मंडळी, हात वर करा. बघा, किती सुखी चेहरे! तुमच्या पगारातून आधी काय जातं? फंड जातो. कर जातो. सोसायटीचा हप्ता जातो. कारखान्याच्या गणपतीची वर्गणीसुद्धा कापली जाते! पगारवाला कारकून सगळं कापून-कुपून, ज्याचं त्याला देऊन, उरलेलं तुमच्या हातात ठेवतो. रंगराव ते आणून बायकोच्या हातावर ठेवायचा. मालन तिचं नाव. आणि म्हणायचा, "मालन, हातात आलं त्ये आपलं. आपलं न्हाई त्ये हातात येतच न्हाई."

खरंच होतं ना ते? त्या दिवसापर्यंत अगदी खरं होतं!

पुढं काय झालं? कारखाना अडचणीत आला. कायमची माणसं कमी करा, असा हुकूम आला. रंगराव घरी बसला. किती दिवस बसला? अहो, हुन्नर असलेला माणूस बसतोय होय? फंडाचे पैसे आले, त्यातून वेल्डिंगचे दोन संच घेतले, जुना छोटा टेम्पो घेतला, हाताखाली चार पोरं घेतली, आणि झाला कंत्राटदार! दुसरे कारखाने वाटच बघत होते. "रंगराव, आमचे रोलर भरा." "रंगराव, आधी आमच्याकडं या." पण एक अट. जीएसटीचा नंबर पाहिजे. त्याशिवाय कारखाना काम देत नाही.

तालुक्याला गेला. कचेरीबाहेर फॉर्म भरून देणाऱ्या एका टेबलवाल्यानं कॉम्प्युटरवर टकटक करून नंबर काढून दिला. रंगरावानं बिलबुकावर नंबर छापला, लाल शाईत. आणि त्याला काय वाटलं असेल? गाडीचं लायसन असतं ना — एकदा काढलं, पाकिटात ठेवलं, झालं! टेबलवाला म्हणाला होता म्हणे, "दर महिन्याला हिशोब भरावा लागतो, या." रंगराव म्हणाला, "येतो की." आणि हंगाम संपल्या-संपल्या कामाला जो लागला, तो रोलरमधून डोकं वर काढलं ते दसऱ्याला!

बिलं केली. शंभर रुपयांचं काम, त्यावर अठरा रुपये जीएसटी. एकशे अठरा. कारखान्यानं कामाच्या शंभरातला एक रुपया कापून घेतला, बाकी खात्यावर टाकले. पावतीवर लिहिलं होतं — "कर कपात." ते वाचून रंगरावानं हात जोडले! म्हणाला, "झालं बाबा. सरकारचं सरकारला गेलं. आता उरलं त्ये आपलं."

तुम्ही हसताय, पण मी नाही हसत. हसण्यासारखं नाही ते. आयुष्यभर नोकरी केलेला माणूस दुसरं काय समजणार? कर कापला, म्हणजे कारकुनानं त्याचं काम केलं! त्याला कोण सांगणार, की बाबा रंगराव, तो एक रुपया म्हणजे नुसती सुरुवात. वर्षाच्या कमाईवरचा कर तुला वेगळा मोजून भरायचाय. आणि ते अठरा रुपये? ते तर कधी तुझे नव्हतेच! कारखान्यानं ते तुझ्याकडं दिले सरकारला पोचवायला. आता तुझ्याकडं पगार-कारकून नाही. तुझा कारकून तूच!

*हाती आले म्हणुनि का झाले माझे?*
*पुढे द्यायाचे, वाहतो मी ओझे!*

तर मंडळी, दिवाळीपर्यंत तीन कारखान्यांचे पैसे जमा झाले. एवढी रक्कम रंगरावानं जन्मात बघितली नव्हती. दुसरा कुणी असता तर? मोटार घेतली असती, शहरात फ्लॅट बुक केला असता. आमचा रंगराव काय म्हणाला? "मालन, देवानं दिलं. देवाचं काम करू."

भैरोबाच्या देवळापुढं सभामंडप नव्हता. उन्हात भाविक भाजायचे. रंगराव म्हणाला, "मी घालतो मंडप!" नुसते पैसे नाही दिले हो. लोखंड आणलं, छताच्या कैच्या स्वतः जोडल्या, शिडीवर चढून एकेक सांधा स्वतः भरला. माणूस फुलासारखा झाला होता त्या दिवसांत! घामानं निथळायचा आणि गुणगुणायचा. खरं सांगतो, त्या भक्तीत तसूभर खोट नव्हती. हे लक्षात ठेवा. पुढं उपयोगी पडेल.

मालन एकदाच म्हणाली. भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, ह्ये सगळं आपलंच हाय न्हवं?"

रंगराव भडकला! "मग? चोरी करून आणलंय व्हय? घाम गाळलाय मी!"

बिचारी गप्प बसली. बायका गप्प बसतात तेव्हा पुरुषांना वाटतं, आपण जिंकलो. वाटतं की नाही? बायका माना डोलावतायत बघा!

चैत्रात भैरोबाची जत्रा. मंडपाचं उद्घाटन. गुलाल, हलगी, नुसता कल्लोळ! देवळाच्या पायरीशी संगमरवरी दगड बसवला. त्यावर सोनेरी अक्षरांत — "हा सभामंडप श्री. रंगराव दत्तू लोहार यांजकडून भैरोबाचरणी अर्पण." देवस्थानचे अध्यक्ष आप्पासाहेब चौगुले, त्यांनी हार घातला. फेटा बांधला. म्हणाले, "ज्या जातीला आजवर बाजूला उभं केलं, त्या लोहाराच्या पोरानं आज भैरोबाला सावली दिली!" रंगरावाच्या डोळ्यांतून पाणी. बापाची आठवण झाली. बापाचं नाव देवळाच्या दगडावर लागलं! त्याच्या बापाला त्याच पायरीशी उन्हात नांगराचे फाळ शेवटायला, म्हणजे तापवून धार काढायला, बसवायचे.

म्हणा — भैरोबाच्या नावानं...

चांगभलं!

अहो, मोठ्यानं! — चांगभलं!

आणि आता बघा. जत्रेचा गुलाल अंगावरून पुरता उतरला नाही, तोवर कामाचे दिवस आले. गाळप संपलं, रोलर मोकळे झाले. रंगराव त्याच्या सगळ्यात मोठ्या कारखान्यात गेला. नेहमीसारखा चीफ इंजिनिअरच्या केबिनमध्ये शिरला. इंजिनिअर नजर चुकवायला लागला. म्हणाला, "रंगराव, आधी अकाउंटला जाऊन या."

अकाउंटला इनामदार म्हणून अधिकारी. त्यांनी बसायलाही सांगितलं नाही.

"लोहार, तुमचं काम थांबवलंय. मागच्या बिलातली राहिलेली रक्कमही अडकवलीय."

"का हो साहेब? काम वाईट झालं?"

"काम उत्तम झालं. पण आम्ही तुम्हाला कामाचे पैसे दिले, त्यावर कर म्हणून वेगळे पैसे दिले. तो कर तुम्ही पुढं भरलाच नाही. एकदासुद्धा नाही! तुम्ही भरला असता, तर तेवढी रक्कम आम्हाला आमच्या करातून वजा मिळाली असती. आता आम्हाला दुसऱ्यांदा भुर्दंड!"

रंगरावाचा आवाज चढला. "साहेब, जपून बोला! मी कर बुडवला? मी? तुमीच कापला की! पावती हाय माझ्याकडं!"

"तो वेगळा. तो एक टक्का. मी अठरा टक्क्यांचं विचारतोय. कर म्हणून तुमच्या हातात दिलेले पैसे, लोहार — ते कुठं आहेत?"

मंडळी, काय उत्तर द्यायचं त्यानं? ते पैसे कुठं होते? भैरोबाच्या डोक्यावर होते! पत्रा होऊन बसले होते!

इनामदार म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत सगळं भरून दाखवा. नाहीतर काम दुसऱ्याला जाईल. आणि एक सांगतो, ही गोष्ट बाकीच्या कारखान्यांना कळायला वेळ लागत नाही."

आलं ध्यानात, काय पणाला लागलं ते? एका हंगामाचं काम? ते तर गेलंच. नाव! ज्याच्याकडं लोक डोळे झाकून भिशी ठेवायचे, त्या माणसाचं नाव. गेल्याच आठवड्यात सोन्याच्या अक्षरात लागलेलं!

तिथून रंगराव तडक मिरजेला गेला. तिथं नसीम मुजावर — कर सल्लागार. कोण ही? कारखान्यात रंगरावाबरोबर हुसेनभाई मुजावर होते, फिटर. एका डब्यात जेवायचे दोघं. हुसेनभाई गेले, पण त्यांची ही लेक शिकली, सीए झाली. रंगरावाच्या खांद्यावर बसून कारखान्याचा गणपती बघितलेली पोर!

तिनं सगळं ऐकलं. कागद बघितले. विचारलं, "काका, वेल्डिंगच्या रॉडची, गॅसची बिलं कुठंयत? त्यावर तुम्ही दिलेला कर वजा होईल."

"बिलं? ती टेम्पोत हुती गं. काच पुसायला..."

"काच पुसली?"

"लई चांगली पुसली जाते त्या कागदानं!"

नसीम हसली नाही. वजाबाकीचा रकाना तिनं कोरा सोडला. मग रंगरावच खवळून म्हणाला, "पोरी, तूच सांग. मी चोर हाय का? मी त्यातला एक रुपाया माझ्या चैनीला वापरला न्हाई. देवाला दिलाय! मग मी कुणाचं खाल्लं?"

ती म्हणाली, "काका, एक विचारू? भिशीचे पैसे तुमच्याकडं असायचे. बाबा सांगायचे मला."

"व्हय. असायचे की."

"त्यातून कधी चहा प्यालात?"

"छ्या! काय बोलतीस! ते काय माझे हुते?"

"आणि समजा, त्या भिशीतून तुम्ही देवळात अभिषेक घातला असता. स्वतःच्या नावानं. तर?"

रंगरावाचा हात आपोआप शर्टाच्या आतल्या खिशाकडं गेला.

बघा हं, त्या पोरीनं शिकवलं काहीच नाही. त्याचंच त्याला दाखवलं. आतल्या खिशातली पुरचुंडी आपली नाही, हे त्या माणसाला लख्ख ठाऊक होतं. पण बँकेत एकाच खात्यावर आपलेही पैसे आले, दुसऱ्याचेही आले, एकत्र झाले, आणि ओळखू येईनात! भिशीला पुरचुंडी होती. कराला पुरचुंडी नव्हती. चूक एवढीच! पण एवढ्याशा चुकीवर केवढा मंडप उभा राहिला!

आता कराचे पैसे, वर व्याज, वर उशिराचा दंड. बेरीज ऐकून रंगराव घरी यायला निघाला, तो वाटेत आप्पासाहेबांच्या वाड्यावर गेला. त्यांना सगळं सांगितलं. आप्पासाहेब मोठे जाणते! सुपारी कातरत म्हणाले, "हात्तिच्या! एवढंच व्हय? रंगा, तो नंबर मरू दे. वहिनीच्या नावानं नवा नंबर काढ. नवी फर्म, नवं बिलबुक, काम तूच कर. सगळी दुनिया हेच करते! आणि लेका, तू तर देवाला दिलंस. भैरोबा तुझ्या पाठीशी हाय."

काय सुटका हो! केवढी सोपी! भैरोबालाच साक्षीदार केलं! रंगरावाला पटलं का? मी खोटं सांगणार नाही. पटलं! बुडत्या माणसाला काय पटत नाही? दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन तो मालनसमोर बसला. मालन तुळशीला पाणी घालत होती.

"मालन, हितं सही कर."

"कसली?"

सांगितलं त्यानं. कसं करायचं, का करायचं, सगळं. मालननं तांब्या खाली ठेवला.

"म्हंजी फर्म माझ्या नावावर?"

"व्हय. नुस्तं नावाला."

"बरं." पदराला हात पुसले. "अवो, एक विचारू? देवळाच्या दगडावर तुमचं नाव लागलं. तुमच्या बाचं लागलं. मी काटकसरीनं घर चालवलं, फंडाला हात लावू दिला न्हाई, त्यातनं तुमची मशीनं आली. माझं नाव लागलं का त्या दगडावर? मी इचारलं का? न्हाई इचारलं. मला नकोच हुतं." आणि मग मंडळी, त्या बाईनं ते कागद त्याच्याकडं परत सरकवले. "पण आता दगडावर तुमचं, आन् लबाडीवर माझं? ह्ये कुठल्या देवाला आवडंल, त्ये तरी सांगा!"

अहाहा! थांबा जरा, पेटीवाले.

त्या बाईनं एका वाक्यात सगळं मांडलं. पुण्य आपल्या नावावर आणि पाप दुसऱ्याच्या — हा हिशोब तर आपण सगळेच करतो! फक्त आपल्याला कुणी मालन भेटत नाही. किंवा घरात असते, आपण तिला बोलू देत नाही.

रंगरावानं ते कागद फाडले. टेम्पो विकला. वेल्डिंगचे दोन्ही संच विकले. मालननं पाटल्या काढून दिल्या, न मागता! "पाटल्या काय, सराफाकडं कवाबी परत मिळतील," म्हणाली. महिना संपायच्या आत सगळा कर, व्याज, दंड — भरला. नसीमनं स्वतः बसून भरून दिला, आणि फी विचारली तर म्हणाली, "काका, माझी फी बाबांच्या डब्यातून केव्हाच पोचली."

आणि इनामदारांच्या समोर जाऊन उभा राहिला. "साहेब, तुमी इचारलं हुतं, पैसे कुठं हायत. त्या दिवशी मला बोलता आलं न्हाई. ते माझे न्हवते. मी माझे समजून खर्चले. आता भरले."

इनामदार उठून उभे राहिले. खुर्ची दिली. पण काम? काम दुसऱ्याला गेलं होतं! अहो, गोष्ट आहे म्हणून शेवट गोड करायचा असं नाही. त्या हंगामात रंगराव लोहार — ज्याच्या नावानं रोलर ओळखायचे — तो दुसऱ्या कंत्राटदाराच्या हाताखाली रोजानं वेल्डिंग करत होता. त्याची चारही पोरं त्याच्याबरोबर. मुकाट्यानं केलं. लोक बघायचे, कुजबुजायचे. त्यानं काचेचा मुखवटा खाली ओढायचा आणि ठिपके भरायचे.

पुढच्या वर्षी पुन्हा सुरुवात केली. एक संच घेऊन. पण आता रीत बदलली हं! बिलाचे पैसे आले, की पहिलं काम — ते फोडायचे. दुसरं एक खातं काढलं बँकेत. जीएसटीचे अठरा तिकडं. कमाईवरच्या कराचा अंदाज नसीमनं सांगितलेला, तोही तिकडं. आणि म्हातारपणाचा थोडा हिस्सा — कारण आता फंड कापणारं कुणी नाही! — तो तिसरीकडं. मग उरेल ते घरात. त्या दुसऱ्या खात्याला घरात काय म्हणतात, माहितीय? भिशी! मालन विचारते, "भिशी काढली का?" "काढली." मगच ताट वाढते!

आता राहिला तो दगड.

चैत्र आला. जत्रेच्या आधी देवस्थानची बैठक. रंगराव उभा राहिला. म्हणाला, "माझं नाव त्या दगडावरनं काढा."

बैठकीत गलका! आप्पासाहेब म्हणाले, "खुळा झालास का रंगा? अरे, तू सगळा कर भरलास न्हवं? मशीनं विकून भरलास! म्हंजी आता तो मंडप तुझ्याच पैशाचा झाला की! आता तर नाव शंभर टक्के खरं!"

मंडळी, हा प्रश्न कच्चा नाही हं. चांगला पक्का प्रश्न आहे. तुम्ही काय उत्तर दिलं असतंत? विचार करा. सगळं फेडलं. कुणाचं काही देणं नाही. मग दान त्याचंच झालं ना?

रंगराव काय म्हणाला? म्हणाला, "आप्पासाहेब, आज माझा झाला असंल. पण ज्या दिवशी मी देवापुढं हात जोडून म्हणलं, 'देवा, ह्ये माझं, तुला देतो' — त्या दिवशी त्ये माझं न्हवतं. आन् नाव त्या दिवशीचं हाय. हार त्या दिवशीचा हाय. मंडप देवाचा, ऱ्हाऊ दे. पर त्या दिवशीचं मी बोललेलं खोटं हाय, त्ये दगडावर कशाला?"

"अरे, बापाचं नाव हाय तुझ्या त्यावर!"

खरंच, बापाचं नाव होतं ना! त्याच पायरीशी उन्हात बसणाऱ्या बापाचं! रंगराव रडला. भर बैठकीत रडला. आणि मग म्हणाला, "म्हणून तर."

एवढंच. म्हणून तर.

स्वतः ग्राइंडर घेऊन आला. दगडासमोर मांडी घालून बसला, जिथं बाप बसायचा तिथंच. आणि स्वतःच्या हातानं आपलं आणि बापाचं नाव घासून काढलं. पांढरी धूळ उडाली, अंगभर बसली. मालन पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी होती.

आजही जा कुरणवाडीला. दगड आहे तिथं. काय वाचाल? "हा सभामंडप श्री." — मग गुळगुळीत मोकळी जागा — मग "यांजकडून भैरोबाचरणी अर्पण." नवखी माणसं गुरवाला विचारतात, "कोणाकडून हो?" गुरव सांगतो, "माहीत नाही. ज्याचं होतं त्याच्याकडून."

*हाती आले म्हणुनि का झाले माझे?*
*पुढे द्यायाचे, वाहतो मी ओझे!*

तर आता सुरुवातीचा प्रश्न. पापी की पुण्यवान? मी उत्तर देणार नाही. रंगरावानंच दिलंय, ग्राइंडरनं. मला विचारायचंय ते तुम्हाला!

इथं कितीजण बिनपगारी आहेत? म्हणजे स्वतःचं काम करणारे. ते फोटोवाले बसलेत, ते गणिताच्या शिकवण्या घेणारे सर, त्या पार्लरवाल्या ताई, ते घरी बसून परदेशातल्या कंपन्यांची कामं करणारे चिरंजीव. आणि हा मी! मला कोण पगार देतं? मीही त्यातलाच. आपल्याला कापणारा कारकून नाही, म्हणून आपण खूश. "कोण विचारतंय?" म्हणून खूश! पण आपल्या घरात, आपल्या अंगावर, आपल्या देव्हाऱ्यात अशी कुठली वस्तू आहे, जिच्यावरचं नाव घासायला हवं? बिलाचे पैसे आल्या दिवशी जरा थांबा. ताट वाढायच्या आधी नैवेद्य बाजूला काढता ना? तसं आधी बाजूला काढा. ज्याचं त्याला. मग जेवा. त्या घासाची चव वेगळी असते, मालनला विचारा!

आणि दान करू नका असं मी म्हणत नाही. करा. भरपूर करा! फक्त एवढं बघा, की देवापुढं हात जोडून "माझं" म्हणताना जीभ अडखळणार नाही.

उठा आता. आरतीला उभे राहा. पेटीवाले, सूर वर घ्या. आणि मंडळी, ताट निघालंय बरं का. उजवीकडून येतंय. क्षणभर तुमच्या हातात येईल, जड लागेल, भरलेलं असेल. ज्योत डोळ्यांना लावा, आपलं घाला —

आणि ताट पुढं द्या.